धूर गेला कुठे?

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो होतो: 'स्क्रबर बसवलेल्या जहाजाच्या फनेलमधून निघणारा पांढराशुभ्र धूर बघून फसू नका.' स्क्रबर म्हणजे इंजिनाचा धूर पाण्याने धुणारं यंत्र, फनेल म्हणजे जहाजाचं धुराडं. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. संपादक म्हणाले, या वेळी बॉयलर आणि क्रँकशाफ्ट राहू देत, एवढंच घ्या. घेतो. एकतीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली. शेवटची साडेचार वर्षं चीफ इंजिनियर म्हणून दोन जहाजांवर होतो आणि दोन्हींवर स्क्रबर होता. त्यामुळे सांगतोय त्यातलं बरंचसं माझ्या अंगातल्या बॉयलर सूटला लागलेलं आहे.

पांढरा धूर म्हणजे वाफच ना? मग त्यात फसण्यासारखं काय? (एक निवृत्त शिक्षिका)

वाफच आहे, बाई. स्क्रबरमध्ये धुरावर पाण्याचा मारा होतो, धूर ओलाचिंब होऊन वर येतो आणि थंड हवा लागली की त्याचा ढग दिसतो. फसगत होते ती रंगावरून. आम्ही रोज सकाळी डेकवर जाऊन फनेलकडे बघायचो. काळा धूर असेल तर हवा कमी पडतेय किंवा इंजेक्टर टपकतोय, निळसर असेल तर ल्युब ऑइल, म्हणजे वंगणाचं तेल, जळतंय. रंगावरून इंजिनाची तब्येत कळते, विषाचा पत्ता लागत नाही. सल्फर डायऑक्साइडला रंगच नसतो.

हिशेब करून दाखवतो. माझं शेवटचं जहाज पूर्ण वेगात दिवसाला ४० टन हेवी फ्युएल खायचं. त्या तेलात गंधक २.७ टक्के धरा, म्हणजे १ टन ८० किलो गंधक. जळताना त्याला तेवढ्याच वजनाचा प्राणवायू चिकटतो, म्हणजे २ टन १६० किलो सल्फर डायऑक्साइड. रोज. आणि स्क्रबर नसलेल्या जुन्या जहाजांवर इंजिन नीट लागलेलं असलं, की एवढं सगळं जवळजवळ न दिसणाऱ्या पुसट धुरातून निघून जायचं. आम्ही खूश व्हायचो, आज फनेल काय स्वच्छ आहे म्हणून.

उलट काही जहाजांवर धुतलेला धूर पुन्हा तापवतात, कारण प्रवासी आणि बंदरवाले पांढरा ढग बघून तक्रार करतात. तापवला की ढग दिसत नाही. धूर तोच.

स्क्रबरच्या आत नेमकं काय घडतं? स्वयंपाकघरातल्या चिमणीसारखी जाळी असते का? (इंजिनियरिंगचा विद्यार्थी)

जाळी नसते, पाऊस असतो. फनेलच्या आत दोन-तीन मजले उंचीचा एक मनोरा असतो. खालून इंजिनाचा दोनशे अंशांच्या आसपासचा धूर वर चढतो, वरून नोझलमधून पाणी पडतं. सल्फर डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि खाली वाहून जातं.

हे पाणी कुठलं आणि जातं कुठे, यावर दोन मुख्य जाती पडतात. 'ओपन लूप'मध्ये समुद्राचंच पाणी पंपाने वर चढवायचं, धूर धुवायचा आणि परत समुद्रात सोडायचं. समुद्राच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, तेच आम्ल मारतं. विकत काही घ्यावं लागत नाही, म्हणून मालकांची ही लाडकी पद्धत. 'क्लोज्ड लूप'मध्ये पाणी आतल्या आत फिरत राहतं, आम्ल मारायला कॉस्टिक सोडा घालतात, थोडं पाणी सतत काढून गाळतात आणि उरलेला गाळ टाकीत साठवून बंदरात देतात. दोन्ही करता येतं ते 'हायब्रिड'. माझ्या दोन जहाजांतलं एक ओपन होतं, दुसरं हायब्रिड.

पाणी किती लागतं याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. ओपन लूपचा ढोबळ आकडा आहे दर मेगावॉट-तासाला ४५ घनमीटर. माझ्या जहाजाचं इंजिन साधारण ९ मेगावॉटवर चालायचं, म्हणजे तासाला ४०० टन पाणी. रस्त्यावर दिसतो तो दहा हजार लिटरचा टँकर घ्या. तसे चाळीस टँकर दर तासाला एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, चोवीस तास. हे पंप चालवायला वीज लागते आणि विजेसाठी जनरेटर जास्त तेल खातो. धूर धुण्यासाठी आणखी थोडा धूर, असा प्रकार.

मनोऱ्याच्या तळाशी त्या पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३ च्या आसपास उतरतो, समुद्राचा असतो ८ च्या वर. असं पाणी थेट सोडता येत नाही. नियम सांगतो की बाहेर पडताना पीएच किमान ६.५ हवा. किंवा जहाज उभं असताना सोडण्याच्या जागेपासून ४ मीटरवर तो ६.५ भरला पाहिजे. या दुसऱ्या सवलतीत सगळी गंमत आहे. ४ मीटरवर मोजायचं म्हणजे मधल्या ४ मीटरचा समुद्र आपला मदतनीस. शिवाय कित्येक ठिकाणी बाहेर सोडण्याआधी त्या पाण्यात आणखी ताजं समुद्राचं पाणी मिसळतात. पीएच सुधारतो, पण आतले व्हॅनेडियम, निकेल असे धातू आणि तेलातून आलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं ही विषारी रसायनं यांतलं एक कणही कमी होत नाही.

म्हणजे तुम्ही लोक हवेतली घाण समुद्रात टाकता आणि त्याला 'क्लीनिंग सिस्टिम' म्हणता? लाज नाही वाटत? (एक संतप्त वाचक)

वाटायची. पण लाज वाटून इंजिन बंद करता येत नाही, म्हणून आधी हे आलं कुठून ते सांगतो.

जहाजाचं हेवी फ्युएल म्हणजे रिफायनरीतून पेट्रोल, डिझेल, रॉकेल सगळं काढून झाल्यावर उरलेला तळ. गार असताना डांबराशी नातं सांगतं. प्युरिफायरला द्यायला ९८ अंशांपर्यंत आणि इंजिनाच्या तोंडाशी १३०-१४० अंशांपर्यंत तापवावं लागतं, तेव्हा कुठे ते फवारण्याइतकं पातळ होतं. जगभर अनेक वर्षं या तेलात ३.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. मोटारीच्या नव्या डिझेलची मर्यादा दहा लाखांत १० भाग आहे, जहाजाची होती ३५,०००. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मार्पोल (जहाजांचं प्रदूषण रोखण्याच्या) कराराच्या सहाव्या परिशिष्टाखाली १ जानेवारी २०२० पासून ती ०.५० टक्क्यांवर आणली. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेचा किनारा अशा राखीव पट्ट्यांत २०१५ पासूनच ०.१० टक्के आहे. भूमध्य समुद्र त्यांत मे २०२५ मध्ये सामील झाला.

नियमात एक दार उघडं होतं: कमी गंधकाचं तेल घ्या, किंवा तेवढाच परिणाम साधणारं यंत्र बसवा. मालकांनी वही-पेन्सिल घेतली. जानेवारी २०२० मध्ये स्वच्छ आणि घाण तेलाच्या भावात टनामागे ३०० डॉलरच्या आसपास फरक होता. दिवसाला ४० टन म्हणजे रोजचे १२,००० डॉलर वाचले. यंत्राची किंमत काही दशलक्ष डॉलर असली तरी वर्ष-दीड वर्षात वसूल. (पुढच्या काही महिन्यांत मागणी कोसळली, तो फरक १०० डॉलरच्या खाली गेला आणि पुष्कळांचे चेहरे उतरले, ते वेगळं.) आज चार हजारांहून जास्त जहाजांवर हे यंत्र आहे.

माझं मत विचाराल तर बंदराजवळ राहणाऱ्याच्या फुप्फुसासाठी स्क्रबर चांगलाच आहे. गंधकाचा बहुतांश भाग हवेतून खरोखर निघतो, काजळीही थोडीफार बसते. समुद्रात गंधक जाण्याने मला तितकी झोप उडत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुळातच विपुल आहे. झोप उडते ती त्याच्याबरोबर जाणाऱ्या धातूंनी आणि हायड्रोकार्बनांनी. आणि सगळं पाणी भर समुद्रात पडत नाही. जहाजं ठरलेल्या वाटांनी, उथळ खाड्यांतून, गर्दीच्या बंदरांतून जातात, एकामागोमाग एक, त्याच रेषेवर. म्हणून सिंगापूरने १ जानेवारी २०२० पासून आपल्या बंदराच्या पाण्यात ओपन लूपला मनाई केली, अमिरातीतल्या फुजैरा बंदराने केली, आणि डेन्मार्कने १ जुलै २०२५ पासून किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांत केली. माझ्या मते हे दार नियमात ठेवायलाच नको होतं. रिफायनरीने गंधक तिथेच काढावं. जमिनीवर काढलेलं गंधक पोत्यात भरून खतवाल्याला विकता येतं. आमच्याकडे ते चाळीस टँकर पाण्यात विरघळून जातं, त्याचं कोणी काय करणार?

सर, आमच्या ओपन लूपच्या ओव्हरबोर्ड लाईनला पुन्हा पुन्हा गळती होते. मेकर म्हणतो कोटिंगचं बघा, ऑफिस म्हणतं तात्पुरतं भागवा. तुमचा काय अनुभव? (फोर्थ इंजिनियर)

पोरा, (वाचकांसाठी: ओव्हरबोर्ड लाईन म्हणजे धूर धुतलेलं पाणी समुद्रात सोडणारी पाईप) आधी एक सांग: गळती व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या? आत असेल तर स्क्रबर बंद कर, कमी गंधकाच्या तेलावर ये, व्हॉल्व्ह बंद कर आणि शांतपणे दुरुस्ती कर. बाहेरच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि जहाजाचा पत्रा यांच्यामधल्या तुकड्यात असेल, तर आत्ताच्या आत्ता चीफला उठव. तिथे बंद करायला काहीच नसतं. बाहेर समुद्र आणि आत तू.

माझ्याबरोबर हेच झालं. मनोऱ्यापासून खालपर्यंतची पाईप ग्लास फायबरची, तिला आम्लाचं काही वाटत नाही. शेवटचा वीतभर तुकडा मात्र पोलादाचा, पत्र्याला वेल्ड केलेला आणि आतून कोटिंग केलेला. यंत्र बसवून तीन वर्षंही झाली नव्हती. पहाटेच्या राउंडला ऑइलर म्हणाला, "बडा साब, प्लेटखाली पाणी आहे, बिल्ज वाढतेय." बिल्ज म्हणजे जहाजाच्या तळाशी साचणारं पाणी. टॉर्च घेऊन खाली वाकलो. त्या तुकड्याच्या खालच्या अंगाला, वेल्डच्या काठाने, सुईएवढं भोक आणि त्यातून पंख्यासारखी फवार. भोवती तांबूस-पिवळा ओघळ. आता लक्षात येतं की तो ओघळ आधीच्या आठवड्यापासून असणार. आम्ही गंज समजून त्यावरून नजर फिरवत होतो.

फिटरने हातोडीने हलकेच ठोकायला हात उचलला, मी त्याचा मनगट धरला. कागदासारखा झालेला पत्रा ठोकायचा नसतो. भोकावर रबर आणि पट्टी आवळली, भोवती लाकडी पेटी बांधली, उरलेलं गळतं पाणी बाहेर काढायला एक छोटी नळी ठेवली आणि पेटीत सिमेंट भरलं. लवकर बसावं म्हणून त्यात धुण्याचा सोडा. सिमेंट कडक झाल्यावर नळीला बूच. याला आम्ही सिमेंट बॉक्स म्हणतो. शंभर वर्षांपूर्वीच्या आगबोटीवरही हाच इलाज करायचे. लाखो डॉलरच्या यंत्राला शेवटी सिमेंट आणि लाकूड. पुढच्या बंदरात पाणबुड्याने बाहेरून बूच मारलं, तेव्हा नवा तुकडा बसवता आला.

ऑफिसने त्याही वेळी 'तात्पुरतं' हाच शब्द वापरला होता. तू मात्र त्या तुकड्याची जाडी दर महिन्याला अल्ट्रासोनिक गेजने मोज, खालच्या अंगाला आणि वेल्डच्या दोन्ही काठांना, आणि आकडे ईमेलने पाठव. लेखी आकडा गेला की ऑफिसला ऐकू येतं.

मुलगा कॅडेट आहे. परवा फोनवर म्हणाला, कॉस्टिक भरताना बोटाला थेंब लागला, साबणासारखं बुळबुळीत वाटलं, काही झालं नाही. काळजी करू का? (एक आई)

ताई, बोट बरं आहे ना, मग त्या बोटाची काळजी सोडा. पण त्याला माझा निरोप द्या: ते साबणासारखं वाटलं कारण तो खरंच साबण होता. कॉस्टिकने त्याच्या कातडीतल्या चरबीचा साबण करायला सुरुवात केली होती. जहाजावर येतं ते ५० टक्क्यांचं द्रावण. आम्ल लागलं तर झोंबतं, माणूस हात झटकतो. कॉस्टिक सुरुवातीला गप्प असतं, त्यामुळे माणूस हात पुसून कामाला लागतो आणि ते आत शिरत राहतं. डोळ्यात गेलं तर सेकंदांचा खेळ. चष्मा नाही, पूर्ण फेसशील्ड, लांब हातमोजे, आणि डोळे धुण्याचा नळ चालू आहे की नाही हे भरायला सुरुवात करण्यापूर्वी स्वतः उघडून बघायचं. आणखी एक: हे द्रावण १२ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. थंड प्रदेशात लाईन तुंबली की घाईत ती उघडणारा माणूस भाजतो. त्याला म्हणावं, तुंबलेल्या लाईनचा नट सैल करायला कोणी सांगितलं तर आधी सेकंड इंजिनियरला बोलव.

भर समुद्रात कोण बघतंय? यंत्र बंद करून ठेवत असतील. (एक वाचक)

स्क्रबर बंद करून घाण तेल जाळणं वाटतं तितकं सोपं नाही. फनेलमध्ये मोजणी सतत चालू असते आणि तिची नोंद वेळ आणि जागेच्या शिक्क्यासह किमान १८ महिने जपावी लागते. मोजणीची युक्ती मला आवडते. नुसतं सल्फर डायऑक्साइड मोजत नाहीत, त्याचं कार्बन डायऑक्साइडशी प्रमाण मोजतात. नुसतंच मोजलं तर धुरात हवा मिसळून आकडा पाडता आला असता. प्रमाण घेतलं की हवा मिसळली तरी दोन्ही सारखेच पातळ होतात. ०.५० टक्के तेलाच्या बरोबरीला हे प्रमाण (सल्फर डायऑक्साइड दहा लाखांत किती भाग, भागिले कार्बन डायऑक्साइड किती टक्के) २१.७ च्या आत यावं लागतं, ०.१० ला ४.३ च्या. शिवाय डेन्मार्कने ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवरच्या पुलावर धूर हुंगणारं उपकरण लावलंय, खालून जहाज गेलं की कळतं.

चोरी होत नाही असं म्हणत नाही. पाण्याच्या बाजूची मोजणी जास्त कमकुवत आहे. पीएचचा सेन्सर मळला की चांगला आकडा दाखवत बसतो आणि चांगला आकडा दाखवणारा सेन्सर साफ करायची घाई कोणालाच नसते. मलाही कधी कधी नसायची.

नायट्रोजन ऑक्साइडचं काय? तेही धुतलं जातं का? (तोच इंजिनियरिंगचा विद्यार्थी)

नाही. ते तेलातून फारसं येतच नाही. सिलिंडरमधल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळतो. त्यासाठी युरियाचं द्रावण फवारून उत्प्रेरकावरून धूर नेतात, ट्रकला असतं तसंच, आकाराने खोलीएवढं. संथ फिरणाऱ्या इंजिनांना २००० च्या नियमाने दर किलोवॉट-तासाला १७ ग्रॅमची मुभा होती, राखीव पट्ट्यांतल्या नव्या जहाजांना ३.४. 'नव्या' या शब्दाकडे लक्ष दे: उत्तर अमेरिकेसाठी २०१६ नंतर आणि बाल्टिक-उत्तर समुद्रासाठी २०२१ नंतर बांधलेल्या. जहाज पंचवीस वर्षं चालतं, म्हणजे जुनी अजून बराच काळ फिरणार.

गंधक कमी केल्यामुळेच पृथ्वी जास्त तापली, असं वाचलं. खरं का? (एक वाचक)

अर्धं खरं. सल्फेटच्या कणांभोवती ढगाचे बारीक थेंब बनतात, ढग जास्त उजळ होतात आणि ऊन परत फेकतात. उपग्रहाच्या चित्रात जहाजांच्या मागे अशा पांढऱ्या रेघा दिसायच्या, २०२० नंतर त्या खूपच कमी झाल्या. म्हणजे एक सावली गेली. तिच्या जाण्याने तापमान किती वाढलं, यावर शास्त्रज्ञांची जुंपलेली आहे. पण सल्फेट हवेत काही दिवस टिकतं, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं. ताप झाकणारी चादर काढली म्हणून ताप आला, असं कोणी डॉक्टर म्हणणार नाही. आणि कार्बन डायऑक्साइडला स्क्रबर हातही लावत नाही. एक टन हेवी फ्युएल जाळलं की ३ टनांहून जास्त निघतो, माझ्या त्या जहाजाचा रोजचा सव्वाशे टन.

काका, शाळेच्या प्रदर्शनात स्क्रबर दाखवायचा आहे. गंधक जाळू का? (इयत्ता आठवी)

अजिबात नाही. गंधक जाळलंस तर प्रदर्शन रिकामं होईल आणि तुला खोकला येईल. एका ग्लासात पाणी घेऊन त्यात दोन चमचे खायचा सोडा विरघळव. तो तुझा समुद्र, कारण सोड्यात बायकार्बोनेट आहे. दुसऱ्या ग्लासात व्हिनेगर, ते स्क्रबरमधून येणारं आम्लाचं पाणी. लिटमसचे कागद दोन्हींत बुडवून लोकांना दाखव. मग व्हिनेगर हळूहळू समुद्रात ओत आणि पुन्हा लिटमस बुडव.

फेस येईल. बघणारे विचारतील, हे बुडबुडे कसले? त्यांना सांग, कार्बन डायऑक्साइडचे. आम्ल मारताना समुद्राच्या बायकार्बोनेटमधून तो सुटतो. खऱ्या जहाजाच्या मागेही हेच होतं, फक्त तिथे फेस दिसत नाही. किती व्हिनेगर घातल्यावर बुडबुडे येणं थांबतं ते चमच्याने मोजून वहीत लिही. परीक्षक तोच आकडा विचारतील.